प्रबंधातल्या प्रत्येक आकड्याचा माग

प्रबंध जमा करायच्या तोंडावर सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न अगदी साधा असतो: ‘तक्ता ३ मधला हा आकडा कुठून आला?’ उत्तर कुठेतरी असतंच. जुन्या लॅपटॉपवरच्या एखाद्या एक्सेल फाइलमध्ये, गाइडना पाठवलेल्या मेलच्या अटॅचमेंटमध्ये, नाहीतर ‘फायनल_नवीन_२’ असल्या नावाच्या तीन फाइलींपैकी एकीत. ते दहा मिनिटांत हाती लागतं की दोन आठवडे खातं, हे पहिल्या सहा महिन्यांत लागलेल्या सवयींवर ठरतं. ॲप कोणतं वापरता याला त्यामानाने फार कमी महत्त्व आहे. दर महिन्याला नवं ॲप बसवणारा विद्यार्थी शेवटी पाच ठिकाणी विखुरलेल्या नोंदी घेऊन बसतो.

२०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांचा एक पेपर आला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के दिसते, असं त्यात होतं आणि सरकारी खर्चकपातीच्या वादात हा आकडा जगभर फिरला. अमेरिकेत ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस हर्नडनला वर्गातला स्वाध्याय म्हणून छापून आलेला एखादा निकाल पुन्हा काढून दाखवायचा होता. त्याने हा पेपर निवडला आणि आकडे काही जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल शीट मागितली, त्यांनी दिली, आणि सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी घेतल्याचं त्याला दिसलं. पाच देश हिशेबातून गळले होते. फरक एवढ्या एका चुकीचा नव्हता. काही वर्षांची माहिती वगळली गेली होती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही वादाची होती. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये काढलेली सरासरी २.२ टक्के निघाली.

चूक सापडली कारण शीट शिल्लक होती आणि सूत्र उघडं होतं. आकडे हाताने टाइप करून ठेवले असते तर वाद मतांचा झाला असता.

म्हणून पहिला नियम: कच्च्या डेटाला हात लावायचा नाही. प्रश्नावली, यंत्र किंवा संकेतस्थळ यांच्याकडून जी फाइल जशी आली तशी ‘कच्चा’ फोल्डरमध्ये टाकायची आणि ती रीड-ओन्ली करायची. साफसफाई दुसऱ्या फोल्डरमध्ये, तक्ते आणि आलेख तिसऱ्यात. एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाताना काय केलं हे आर किंवा पायथनच्या स्क्रिप्टमध्ये असलं तर उत्तम. प्रोग्रामिंग येत नसेल तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक पायरी लिहायची: ‘१८ मार्च: वय रिकामं असलेल्या १४ नोंदी वगळल्या, उरल्या ३८६.’ ही ‘उरल्या’ संख्या प्रत्येक पायरीला लिहा. गडबड कुठे झाली ते शोधताना नेमकी तीच उपयोगी पडते.

एक्सेलबद्दल थोडं सविस्तर, कारण तोट्याचा सौदा बहुतेक वेळा तिथेच होतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची) फाइल डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल न विचारता अर्थ लावतो. ००४१२ या क्रमांकाची पुढची शून्यं जातात, सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो (एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक धरतो), ‘३-४’ ची तारीख होते. सप्टेंबर आणि मार्च या महिन्यांसारख्या दिसणाऱ्या आखूड नावांच्या जनुकांचं इतकी वर्षं हेच होत होतं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये त्यानंतर, २०२३ मध्ये आली! त्याच २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या कोविडच्या जवळपास १६ हजार केसेस नोंदीतून गळल्या, कारण जुन्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही.

उपाय दोन मिनिटांचा आहे. रिकामी शीट उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा, फाइल ओरिजिनमध्ये युनिकोड यूटीएफ-८ (क्रमांक ६५००१) घ्या आणि डेटा टाइप ओळखू नको असा पर्याय द्या. देवनागरीतली उत्तरं असतील तर हाच रस्ता, नाहीतर सगळी अक्षरं चित्रविचित्र खुणा होऊन समोर येतात. आणि पिवळा, हिरवा, लाल असे रंग भरून अर्थ साठवू नका. सीएसव्ही म्हणून सेव्ह करताच रंग उडतात. ‘शंका’ नावाचा वेगळा कॉलम करा आणि त्यात १ किंवा ० लिहा.

फाइलच्या नावात सुरुवातीला तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, मग विषय, मग आवृत्ती: ‘२०२५-०३-१८_मुलाखत-०७_आ०२’ असं, पण प्रत्यक्षात रोमन अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता. या क्रमाने लिहिलं की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. ०७ मधलं शून्य विसरलात तर काही प्रोग्रॅममध्ये १० नंबरची मुलाखत २ च्या आधी जाऊन बसते. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात कधीच नको.

बॅकअपचा ३-२-१ नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. गोंधळ होतो तो क्लाउडबद्दल. ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हचं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर चुकून फोल्डर डिलीट झालं की क्लाउडवरूनही ते निमूटपणे जातं, आणि गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. मुलाखतींचं जे फोल्डर तुम्ही दोन महिन्यांनी उघडणार, ते गेल्याचं तुम्हाला दोन महिन्यांनीच कळतं. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत घ्या आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीत लॅपटॉपबरोबरच सापडते. तीन-चार महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडूनही बघा.

संदर्भांचं घर

संदर्भ साठवणाऱ्या झोटेरो, मेंडेली, एंडनोट या सॉफ्टवेअरपैकी काहीही चालेल, पण एकच. इथे झोटेरो धरून लिहितो, कारण तो मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि त्यातून सगळं बाहेर काढता येतं. ब्राउझरमधला कनेक्टर दाबला की पेपर लायब्ररीत येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आलेली माहिती अर्धवट किंवा चुकीची असू शकते, इकडे मात्र कानाडोळा होतो. पेपर घेतल्या घेतल्या अर्धा मिनिट द्या आणि चार गोष्टी बघा: लेखकांची नावं, वर्ष, जर्नलचं नाव, डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक). संस्था लेखक असेल तर नावाच्या दोन चौकटींऐवजी एकच चौकट निवडा, नाहीतर जागतिक आरोग्य संघटनेचं इंग्रजी नाव संदर्भसूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असं कोणा गृहस्थाचं होऊन बसतं. इंग्रजी शीर्षक सेंटेन्स केसमध्ये (साध्या वाक्यासारखं, फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं मोठी) ठेवा. त्यातून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करण्याचं काम झोटेरो शैलीप्रमाणे स्वतः करतो, उलट दिशेने ते त्याला नीट जमत नाही.

एकच पेपर दोनदा आला तर त्यातला एक डिलीट करू नका. दोन्ही निवडून मर्ज करा. डिलीट केलेली नोंद वर्डमध्ये आधीच वापरलेली असेल तर त्या उल्लेखाचा लायब्ररीशी संबंध तुटतो आणि पुढे केलेली दुरुस्ती तिथे पोचत नाही. मर्ज केलं तर टिकतो. झोटेरोचं डेटा फोल्डर ड्रॉपबॉक्सच्या आत ठेवायचा मोहही टाळा. त्यातली डेटाबेस फाइल चालू असताना सिंक झाली की खराब होऊ शकते. झोटेरोचं स्वतःचं सिंक वापरा. मोफत जागा ३०० एमबी असते, ती पीडीएफनी भरते. नोंदींच्या सिंकला ही मर्यादा लागू नाही.

वर्डची फाइल गाइडना पाठवली, त्यांनी ती गूगल डॉक्समध्ये उघडून दुरुस्त केली आणि परत पाठवली, की झोटेरोचे सगळे जिवंत उल्लेख साधा मजकूर होऊन येतात. ऐंशी उल्लेख पुन्हा हाताने घालताना रात्र जाते. गाइड कशात वाचतात हे आधी विचारा. खरंच एकातून दुसऱ्यात न्यायचं असेल तर झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये वर्ड प्रोसेसर बदलण्याचा पर्याय आहे, तो वापरून मगच फाइल हलवा.

वाचनाच्या नोंदी घेताना तीन खुणा ठरवून टाका. लेखकाचं वाक्य जसंच्या तसं असेल तर अवतरणचिन्ह आणि पानाचा क्रमांक. आपल्या शब्दांतला सारांश असेल तर नुसता पानाचा क्रमांक. आपलं स्वतःचं मत असेल तर आधी आपली आद्याक्षरं. नकळत होणारी बरीचशी वाङ्मयचोरी इथे जन्मते: दोन वर्षांपूर्वी कॉपी-पेस्ट केलेला परिच्छेद नोंदवहीत सापडतो, आपलाच वाटतो, आणि प्रबंधात जातो.

एखाद्या पेपरने उद्धृत केलेलं मूळ लिखाण उघडून न बघता स्वतःच्या सूचीत टाकणं ही खोड जुनी आहे. डिजिटल काळात ती जास्त वेगाने पसरते. ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ नावाचं कोणतंही तंत्र अस्तित्वात नाही. १९५९ सालचा दोन स्तंभांत छापलेला एक लेख स्कॅन करताना शेजारच्या स्तंभांतले शब्द एकमेकांना चिकटले आणि हा शब्दप्रयोग तयार झाला. पुढे तो छापील पेपरांत अवतरला, आणि त्या मजकुरावर शिकलेल्या भाषा-मॉडेलांच्या तोंडीही.

मागे घेतलेल्या पेपरांवरही नजर ठेवा. लसीकरण आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा वेकफिल्डचा १९९८ चा पेपर लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला, तरी तो उद्धृत होत राहिला. झोटेरो अशा नोंदींवर लाल इशारा दाखवतो. त्यामागचा ‘रिट्रॅक्शन वॉच’चा डेटाबेस २०२३ पासून डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना खुला आहे. प्रबंध जमा करायच्या आठवड्यात संपूर्ण सूची एकदा या नजरेने चाळा.

संकेतस्थळांचे दुवे उद्धृत करत असाल तर त्याच दिवशी ते पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या सेवेत ‘सेव्ह पेज नाऊ’ करून साठवा आणि तो दुवाही सूचीत द्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचत नाहीत असं आढळलं. तिथे ही गत, तर आपल्या तळटीपांचं काय सांगावं!

एआय चॅटबॉट

वापरू नका असं सांगण्यात अर्थ नाही. कुठे वापरायचं ते ठरवा. स्क्रिप्टमधली चूक शोधणं, इंग्रजी परिच्छेद सुटसुटीत करणं, एखाद्या संख्याशास्त्रीय चाचणीमागची कल्पना समजून घेणं यांत त्याची खरी मदत होते, कारण उत्तर बरोबर की चूक ते तुम्ही लगेच तपासू शकता. संदर्भ मागायला गेलात की फसाल. चॅटबॉट खऱ्या लेखकाचं नाव, खऱ्या जर्नलचं नाव आणि पटेल असं शीर्षक जोडून अस्तित्वात नसलेला पेपर तयार करू शकतो. कधी डीओआयही देतो, आणि तो उघडला तर भलत्याच विषयाचा पेपर निघतो. म्हणून प्रत्येक संदर्भाचा डीओआय डीओआय-डॉट-ऑर्गवर टाकून बघा, पेपर उघडा, आणि तुम्ही ज्या विधानासाठी तो देताय ते विधान त्यात कोणत्या पानावर आहे ते शोधा. पान सापडलं नाही तर संदर्भ काढा.

मुलाखतींची शब्दांकनं, सहभागींची माहिती आणि परीक्षणासाठी आलेली दुसऱ्याची हस्तलिखितं सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकायची नाहीत. संमतिपत्रात तुम्ही जे लिहून दिलेलं असतं त्यात हे बसत नाही. एआय कुठे वापरलं हे जर्नलं आणि विद्यापीठं विचारतात, तेव्हा साधन, आवृत्ती, तारीख आणि काम अशी एक ओळ त्या-त्या वेळीच लिहून ठेवा. वर्षभराने कोणालाच आठवत नाही.

मजकूर इतर लिखाणाशी किती जुळतो हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सिमिलॅरिटी रिपोर्टमधला टक्का म्हणजे चोरीचं माप नाही. संदर्भसूची, अवतरणं, पद्धतीच्या प्रकरणातली ठरावीक वाक्यं हे सगळं त्यात धरलं जातं. अठरा टक्के निर्धोक असू शकतात आणि चार टक्के, सगळे एकाच स्रोतातून सलग आलेले, घातक. एक व्यावहारिक सापळा: कच्चा मसुदा तपासणीसाठी टाकताना तो त्या सॉफ्टवेअरच्या भांडारात साठवला गेला, तर पुढचा अंतिम प्रबंध स्वतःच्याच मसुद्याशी जवळजवळ शंभर टक्के जुळतो. टाकण्याआधी ग्रंथालयात ‘भांडारात न साठवता तपासा’ असं स्पष्ट सांगा.

पेपर पाठवताना

‘आदरणीय प्राध्यापक’ असं संबोधून, भलत्याच विषयाच्या जर्नलमध्ये आठ दिवसांत छापून देण्याचं आमंत्रण देणारे मेल पहिल्या पेपरनंतर सुरू होतात. २०१७ मध्ये नेचरमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी पोलंडमधली एक काल्पनिक प्राध्यापिका उभी केली, तिची पात्रता मुद्दाम अपुरी ठेवली आणि ३६० जर्नलांकडे संपादकपदासाठी तिचा अर्ज पाठवला. ४८ जर्नलांनी तिला घेतलं. हल्ली त्याहून बेरकी प्रकार आहे तो नक्कल केलेल्या जर्नलांचा: खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) वापरून बनवलेलं खोटं संकेतस्थळ. यात अनुभवी लोकही अडकतात. मेलमधल्या दुव्यावरून कधीच जाऊ नका. त्या जर्नलमधला एखादा जुना पेपर डीओआयवरून उघडा आणि तो कोणत्या संकेतस्थळावर नेतो ते बघा. शिवाय संपादक मंडळातल्या एका सदस्याच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का, हेही.

प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचा पेपर) सगळ्यांसाठी टाकायची पद्धत भौतिकशास्त्रात १९९१ पासून, अर्काइव्ह हे प्रीप्रिंटचं संकेतस्थळ सुरू झाल्यापासून, रुळलेली आहे. इतर विषयांत गाइडशी आणि सहलेखकांशी आधी बोला, जर्नलचं धोरण वाचा. एकदा टाकलेल्या आवृत्तीवर नंतर ‘मागे घेतली’ असा शिक्का मारता येतो, पण जुनी आवृत्ती सहसा तिथेच राहते.

दुहेरी गुप्त परीक्षणासाठी (लेखक आणि परीक्षक दोघांनाही एकमेकांची नावं कळू न देता होणाऱ्या) पाठवताना नाव फक्त पहिल्या पानावरून काढून भागत नाही. वर्डच्या फाइलमध्ये, ट्रॅक चेंजेसच्या शेऱ्यांत आणि पीडीएफच्या गुणधर्मांतही ते असतं. प्रत काढून त्या प्रतीवर ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा. मुलाखत दिलेल्यांची नावं झाकायला पीडीएफवर काळी पट्टी ओढणं तर निव्वळ धोका आहे. पट्टीखालचा मजकूर कॉपी करून सहज वाचता येतो. मूळ फाइलमध्ये नाव बदला आणि मग नव्याने पीडीएफ काढा. आकृत्यांबाबत एवढंच: वर्ड सेव्ह करताना चित्रं दाबून लहान करतो, जर्नलला मात्र सहसा ३०० डीपीआय लागतात. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये हे दाबणं बंद करा आणि आलेखांच्या मूळ फाइली पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये वेगळ्या ठेवा.

गाइडबरोबरच्या मीटिंगनंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल पाठवा: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत, आणि कशावर निर्णय राहिला. ‘सर, आज ठरल्याप्रमाणे’ अशी सुरुवात असलेले हे मेल पुढे सोन्यासारखे उपयोगी पडतात, विशेषतः ‘हे प्रकरण काढून टाकायला मी कधी सांगितलं?’ असं सरांनीच विचारल्यावर. व्हॉट्सॲपवर ठरलेल्या गोष्टीही मेलमध्ये आणा. फोन बदलला की चॅट राहीलच याची खात्री नाही. ड्राफ्ट पाठवल्यावर दुरुस्त्या परत येईपर्यंत त्या प्रकरणाला हात लावू नका, दुसरं प्रकरण घ्या. दोन ठिकाणी एकाच वेळी बदललेल्या फाइली एकत्र करायला वर्डमध्ये ‘कम्पेअर’ आहे, पण ती वेळ न आलेलीच बरी.

शेवटचा टप्पा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पदवी मिळाल्यावर विद्यापीठाचा मेल आज ना उद्या बंद होतो आणि त्याच्याशी बांधलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. ऑर्किड या संशोधकांच्या ओळख-नोंदणीचा सोळा अंकी क्रमांक आयुष्यभराचा असतो, पण तो उघडायचा मेलच बंद झाला तर आपल्याच खात्याच्या दाराशी उभं राहावं लागतं. तेव्हा ऑर्किड, झोटेरो, गिटहब, ओव्हरलीफ या सगळ्यांत आजच खाजगी मेल दुसरा म्हणून जोडा. शेअर केलेल्या गूगल डॉक्सची मालकी संस्थेच्या खात्याकडे असते आणि संस्थेबाहेरच्या खात्याकडे ती बहुतेक वेळा देता येत नाही, म्हणून प्रती डाउनलोड कराव्या लागतात. जे डेटासेट सार्वजनिक करता येतात ते झेनोडो या खुल्या डेटा-भांडारात ठेवा. ते सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेकडून चालवलं जातं, प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली मावतात. सहभागींची ओळख असलेला डेटा तिकडे जात नाही. तो किती वर्षं ठेवायचा आणि कधी नष्ट करायचा हे तुमच्या नीतिमत्ता समितीच्या मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. ते पत्र शोधून त्याची पीडीएफ त्या डेटाच्याच फोल्डरमध्ये टाका, कारण संस्था सोडल्यावर पहिल्यांदा तेच मागितलं जातं.